फियाटमधलं हिरवं कार्पेट

गाडीच्या कार्पेटवरून कुणाच्या घरात भांडण झालंय का? आमच्या घरात झालं. चांगलं तीन महिने चाललं. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये बिचारे पप्पा, आणि स्पीकर फोनवर भुसावळचे कुशनवाले चाचा.

गाडी म्हणजे आजोबांची फियाट. १९६६ चं मॉडेल, ११०० डिलाईट. म्हणजे पद्मिनीच ना, असं तुम्ही म्हणाल. हो आणि नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला फियाट बनवायला घेतल्या, त्यातलं जुनं गोलगरगरीत मॉडेल म्हणजे आपल्याकडची प्रसिद्ध ‘डुक्कर फियाट’. मग १९६४ मध्ये जरा कडक इस्त्री केल्यासारखी दिसणारी डिलाईट आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पडलं प्रीमियर पद्मिनी. हीच पुढे मुंबईची काळी-पिवळी. २००३ साली रजिस्टर झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपली म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांचे स्टेटस कसे ओले झाले होते आठवतंय? कधी तिच्यात न बसलेलेही रडत होते. त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज आला, ‘आपली काढायची का बाहेर?’

आपली, म्हणजे मुक्ताईनगरच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये २००९ पासून उभी असलेली. आजोबा गेले आणि गाडी तिथे गेली. तिच्या टपावर केळीचे रिकामे क्रेट, बॉनेटवर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, मागच्या सीटवर एका मांजरीची तीन बाळंतपणं. आजोबांनी ती १९७४ साली भुसावळच्या एका डॉक्टरांकडून सेकंड हँड घेतली होती. तेव्हा गावाला एदलाबाद म्हणायचे. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली की पहिल्या मुक्कामापर्यंत ही गाडी मागे मागे. पायी चालणाऱ्यांची औषधं, धोतरं, आणि दमलेला एखादा म्हातारा वारकरी, सगळं तिच्यात.

इंजिन, ब्रेक, डेंटिंग, पेंटिंग यात दीड वर्ष गेलं. ते सगळं मी लिहीत नाही, कारण त्यात माझं काम फक्त पैसे पाठवण्याचं होतं. माझी एंट्री झाली ती गाडी क्रीम रंगात चकाचक होऊन उभी राहिल्यावर. दादा म्हणाला, ‘आता फक्त खालचं कार्पेट राहिलं. ते तू बघ, तुला इंटेरिअरचं कळतं.’

मला इंटेरिअरचं काय कळतं? भाड्याच्या वन बीएचकेमध्ये फेअरी लाइट्स लावल्या, एवढंच. पण मास कॉम केलेल्या माणसाला एक व्यसन असतं, रिसर्च नावाचं.

तर मंडळी, मला हे कळलं. जुन्या काळी सगळ्याच गाड्यांत कार्पेट नसायचं. रोल्स रॉइसमध्ये लोकरीचं विणलेलं विल्टन कार्पेट, पाय बुडेल असं. अमेरिकन गाड्यांत बारीक वेटोळ्यांचं, म्हणजे लूपचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तिकडे कापलेल्या धाग्यांचं मऊ कार्पेट आलं. आणि साध्या माणसाच्या गाडीत? रबर. फोक्सवॅगन बीटलसारख्या जगभर विकल्या गेलेल्या गाडीतसुद्धा पायाखाली रबरी मॅट असायची. कार्पेट ही श्रीमंतीची खूण होती, आणि गाडीच्या आत शिरल्यावर सगळ्यात पहिली पायालाच कळणारी.

आमच्या फियाटमध्ये मात्र कार्पेट होतं. मला लख्ख आठवतं, हिरवं. लहानपणी मी सीटखाली लपून बसायचे तेव्हा गालाला टोचायचं. त्यामुळे माझा फंडा क्लिअर होता: गाडीत कार्पेट होतं, कार्पेटच हवं, फक्त हिरवं नको. हिरवं फारच लग्नाच्या हॉलसारखं दिसतं. क्रीम गाडी, लाल रेग्झिनच्या सीट्स आणि खाली वाइन कलर. इमॅजिन करा!

इथे पहिली माती खाल्ली. परदेशातल्या एका विक्रेत्याकडे ‘फियाट ११०० डी’चा रेडीमेड कार्पेट सेट सापडला. वाइन कलर, कडा शिवलेल्या, बसवायला सोपा. माझ्या एका महिन्याच्या घरभाड्याएवढे पैसे, वर कस्टम ड्युटी. खोका आला, गावी पोचला, दादाने व्हिडिओ कॉलवर उघडला आणि हसत हसत खालीच बसला. ड्रायव्हरच्या टाचेखाली येणारा रबरी चौकोन, ज्याला हील पॅड म्हणतात, तो डाव्या बाजूला होता. लेफ्ट हँड ड्राइव्ह! युरोपातली गाडी डावीकडून चालवतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त कार्पेटलाही डावं-उजवं असतं हे डोक्यात आलं नाही.

मग मी लाँग वीकेण्डला स्वतःच गावी गेले.

गाडी भुसावळला चाचांच्या शेडमध्ये होती. चाचांनी आयुष्यभर जीप, फियाट, ॲम्बेसेडरच्या सीट्स भरल्यात. त्यांनी माझा वाइन सेट दोन बोटांत धरला, उलटा केला, पाठ बघितली आणि म्हणाले, ‘बेटा, माल अच्छा है. पर पहले नीचे तो देखो.’ आणि जुनं हिरवं कार्पेट ओढलं.

खाली जमीन दिसली. गाडीची नाही, चाचांच्या शेडची. ड्रायव्हरच्या पायाशी तळहाताएवढं भोक. वरून गाडी नवरीसारखी आणि खाली पत्रा पापडासारखा मोडत होता. कार्पेटखाली तागाचा नमदा होता. तो पावसाचं पाणी पितो आणि पीतच राहतो, वरून हात लावला तर कोरडं लागतं. बाहेरचा गंज दिसतो, हा दिसत नाही. डेंटिंगवाल्याने फ्लोअर उघडून बघितलाच नव्हता, कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर रंगाला हात लावायच्या आधी कार्पेट उचला. उलट क्रमाने केलं की काय होतं ते दादाच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

आणि पाणी येतं कुठून हे आधी शोधायचं. चाचांची पद्धत भारी होती. फ्लोअरवर वर्तमानपत्रं पसरली आणि बाहेरून काचेवर पाइपने पाणी मारलं. पाच मिनिटांत समोरच्या काचेच्या बिडिंगच्या डाव्या कोपऱ्याखालचा पेपर ओला. बिडिंगचं रबर उन्हाने दगडासारखं झालं होतं. ते बदललं, सडलेला पत्रा कापून पॅच मारला, गंज घासून रेड ऑक्साइड, त्यावर कोटिंग. आणखी पंधरा दिवस गेले.

पण त्या दिवशी अजून एक गोष्ट निघाली. हिरव्या कार्पेटच्या आणि नमद्याच्या खाली, कोपऱ्यात, पत्र्याला चिकटलेले काळ्या रबराचे तुकडे. चाचा म्हणाले, हे कंपनीचं. तुझं हिरवं तर मंडपवाल्याचं आहे.

म्हणजे? माझं बालपणीचं ‘ओरिजिनल’ कार्पेट ओरिजिनल नव्हतंच?

दादाला आयतं कोलीत मिळालं. त्याचं म्हणणं, रिस्टोरेशन म्हणजे कंपनीतून निघाली तशी गाडी. म्हणजे काळं रबर. बात खतम. त्याच्या डोक्यात ‘व्हीए’ नंबर होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, फी वीस हजार. मी नियम वाचून काढले. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यात मोठा बदल नको असं आहे, पायाखाली काय अंथरलंय याचं सरकारला काही पडलेलं नाही. रॅलीत जजेस बघतात ते वेगळं. पण त्याच नियमात आणखी एक ओळ आहे, जी दादाने स्क्रोल करताना सोडली होती: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, असंच काही.

‘मग आईला चांगदेवला न्यायचं कसं?’ पप्पांनी विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते मध्ये बोलले.

आमची आजी त्र्याऐंशी वर्षांची आहे. गाडी सुरू झाली की तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या देवळात जायचं, असं तिने दीड वर्षापूर्वीच सांगून ठेवलं होतं. आम्ही सगळे हो म्हणून विसरलो होतो. रात्री घरी गेल्यावर मी तिला सहज विचारलं, ‘आजी, गाडीत ते हिरवं कार्पेट कुणी टाकलं गं?’

‘तुह्या आजानं. सुमीच्या लग्नात.’

सुमी म्हणजे माझी आत्या. लग्न १९९१ च्या मे महिन्यातलं. आजी सांगत गेली ते असं. ती गाडीत कधीच चप्पल घालून बसली नाही. आजही बसत नाही, दादाच्या नव्या एसयूव्हीतसुद्धा दारात चप्पल काढते आणि पेपरात गुंडाळून मांडीवर घेते. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चप्पल कशी नेणार? तर लग्नाची खरेदी, जळगावच्या फेऱ्या, मे महिना. आमच्याकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर जाऊन बसतो. वरून ऊन, पुढून इंजिन, खालून सायलेन्सरचा पाइप, आणि पायाखाली काळं रबर.

‘माहे पाय भाजत ना वं रबरावर. मी पाय वर घेऊन बसे. त्यानं आरशात पाह्यलं. बोलला काही नाही.’

लग्न उरकलं, मंडप सुटला, तेव्हा आजोबांनी मंडपवाल्याकडून स्टेजवरच्या कार्पेटचा एक तुकडा विकत मागितला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कात्रीने कापून गाडीत टाकला. वेडावाकडा. कोपऱ्यात कमी पडला तिथे जोड दिला. मला तो जोड माहीत होता! सीटखाली लपल्यावर मी त्यातून बोट घालायचे.

मी दादाला त्याच्या खोलीत जाऊन हे सांगितलं. तो थोडा वेळ मोबाइल बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘रबर राहू दे. पण ते वाइन पण राहू दे.’

म्हणजे कार्पेट हिरवंच. पण मंडपाचं परत टाकायचं का? तर नाही, आणि इथे माझा रिसर्च शेवटी कामी आला. मंडपाचं कार्पेट विणलेलं नसतं, सुयांनी ठोकून दाबलेला कृत्रिम धागा असतो. स्वस्त, पाणी पीत नाही, पण पाय घासला की चपटं होतं आणि उन्हात वाळतं. आमचं तर वाळलेल्या गवताच्या रंगाचं झालं होतं. मग चाचांनी भुसावळ आणि जळगावहून चार तुकडे मिळवले, एक तुकडा मी पुण्याहून आणला आणि आम्ही गच्चीवर प्रयोगशाळा उघडली. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग विटेखाली, अर्धा उन्हात, तीन आठवडे. एका सुंदर बाटली-हिरव्या नायलॉनचा रंग उघड्या बाजूला चक्क उतरला. दुकानात तोच सगळ्यात भारी दिसत होता. दुसऱ्या फेरीत प्रत्येकावर एकेक पेला पाणी ओतून किती वेळात वाळतं ते पाहिलं. तिसरी फेरी पप्पांची आयडिया, केळीचा चीक. केळीवाल्यांच्या घरात चिकाचा काळा डाग नाही असा शर्ट दाखवा! तो डाग कशानेच जात नाही, म्हणून कुठल्या रंगावर कमी दिसतो एवढंच पाहायचं. वाइनवर? भयानक. गडद हिरव्यावर शोधावा लागला.

आणि चौथी फेरी आजीची. दुपारी दोन वाजता सगळे तुकडे गच्चीवर ओळीने मांडले आणि तिला म्हटलं, पाय ठेवून सांग. तिने चप्पल काढली, एकेकावर पाय टेकवला, आणि लोकर-मिश्रणाच्या आखूड लूपवर जरा जास्त थांबली. ‘हे गार नाही, पण चावत नाही,’ म्हणाली. लोकरीचं हेच आहे. ती पटकन दबत नाही, वितळत नाही, पायाला चटका देत नाही. दोष दोन: पाणी धरते आणि कसर लागते. किंमतही दुप्पट होती. पण बिडिंग बदललं होतं, आणि डाव्या हाताच्या कार्पेटवर मी आधीच इतके उडवले होते की आता कंजूषी करणं हास्यास्पद झालं असतं.

हिरवा रंग नेमका कुठला, यावर परत अर्धा दिवस वाद होणार होता, पण तो चाचांनी होऊ दिला नाही. त्यांनी जुन्या कार्पेटचा मागच्या सीटखालचा तुकडा काढला. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वीचा रंग तसाच्या तसा. जुन्या गाडीचा खरा रंग हवा असेल तर तो सीटखाली, ॲशट्रेच्या मागे, डिकीच्या कडेला असा लपलेला असतो. त्याच्याशी जुळवून माल मागवला.

पुढचं काम बघण्यासारखं होतं, म्हणून मी आणखी दोन दिवस सुट्टी टाकली (संपादकांना ‘कॉलमसाठीच थांबलेय’ सांगितलं, आणि बघा, खोटं नव्हतं). चाचांनी जुने तुकडे फेकले नव्हते. ते आणि खाकी कागद पत्र्यावर ठेवून, बोटांनी दाबत त्यांनी माप घेतलं. मधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा उंचवटा जातो, तिथे सपाट कापड ठेवलं की सुरकुती पडते, म्हणून तो भाग वेगळा कापून जोडायचा. आमच्या फियाटचा गिअर स्टेअरिंगला असल्यामुळे त्या उंचवट्यात भोक पाडायची भानगड नाही. कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने बाण. सगळे बाण एकाच दिशेला. का? कार्पेटचा धागा एका बाजूला झुकलेला असतो, तुकडा फिरवला तर एकाच थानातले दोन तुकडे दोन वेगळ्या रंगांचे दिसतात. हे मी स्वतः फिरवून पाहिलं. जादू आहे.

खाली तागाचा नमदा नाही टाकला, पाणी न पिणारा फोम टाकला. कडांना सीटच्याच लाल रेग्झिनची पट्टी. ड्रायव्हरच्या टाचेखाली काळ्या रबराचा चौकोन, उजवीकडे, हे मी तीनदा तपासलं. हा दादाला दिलेला मान. कंपनीचं रबर अगदीच हद्दपार झालं नाही. आणि चिकटवलं काहीही नाही! उंचवट्यावरचा तुकडा सोडला तर सगळं टिचबटणांवर. बटण उघडा, कार्पेट काढा, झटका, दोरीवर वाळत घाला. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात बुटाला लाडूएवढी लागते, त्यावर याशिवाय इलाज नाही. चिकटवलं असतं तर परत दहा वर्षांनी कुणीतरी खालचा पापड बघत बसलं असतं.

व्हीएचं दादाने अजून ठरवलेलं नाही. ‘आजीचं फिरून होऊ दे,’ म्हणतो.

चांगदेवला आम्ही सकाळी लवकर निघालो. पप्पा गाडी चालवत होते, दादा पुढे, मी आणि आजी मागे. तिने दारात चप्पल काढली, पेपरात गुंडाळली, पाय आत घेतले आणि दोन्ही तळवे कार्पेटवर टेकवून बसली. पूर्णेचा पूल ओलांडेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग ती खाली वाकून कोपऱ्यात हाताने काहीतरी चाचपायला लागली.

‘काय शोधतेस?’

‘इथं जोड व्हता.’

‘आता नाहीये आजी. नवीन आहे, अख्खं आहे.’

‘बरं,’ म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. परत आल्यावर मी चाचांना फोन केला. जुन्या कार्पेटचा तो जोडाचा तुकडा त्यांनी अजून ठेवलाय. पुढच्या खेपेला घेऊन येते. कुठे लावायचा ते आजी सांगेल.

बाकी, वाइन कलरचा कार्पेट सेट अजून खोक्यातच आहे. शेडमधली मांजर त्यावर झोपते. तुमच्यापैकी कुणाकडे लेफ्ट हँड ड्राइव्ह फियाट ११०० असेल तर कळवा. भाव करू.